ओळखीची खूण

कारागृहात नवा बंदी दाखल झाला की त्याच्या नावाची नोंद होते, अंगावरील वस्तू लिहून घेतल्या जातात आणि वैद्यकीय अधिकारी त्याची तपासणी करतात. ही पद्धत ब्रिटिश अमदानीतील १८९४ च्या कारागृह अधिनियमाने घालून दिली. बंद्याची प्रकृती कशी आहे, कोणत्या श्रमास तो योग्य आहे आणि त्याच्या अंगावर कोणत्या जखमा वा खुणा आहेत हे नोंदवहीत उतरले पाहिजे, असे त्या अधिनियमाचे चोविसावे कलम सांगते. त्यामुळे कोणाच्या भुवईच्या वर किंवा कानामागे टाके घातल्याचा जुना व्रण असेल तर तो लिहिला जातो. लिहिला जातो तो ओळखीची खूण म्हणून. हा मनुष्य उद्या पळाला किंवा नाव बदलून अन्यत्र सापडला तर ओळख पटावी, हा त्या नोंदीचा उपयोग. हा व्रण ज्या दिवशी पडला त्या दिवशी कवटीच्या आत काय घडले, हा मनुष्य किती वेळ बेशुद्ध होता, त्यानंतर त्याच्या स्वभावात फरक पडला काय, हे विचारण्यास ते कलम सांगत नाही.

नाशिककरांना कारागृह ही वास्तू परकी नाही. नाशिक रोडचे मध्यवर्ती कारागृह शहराच्या बोलण्याचालण्यात आहे. साने गुरुजींनी १९३३ साली ‘श्यामची आई’ याच भिंतींच्या आत अवघ्या काही दिवसांत लिहून पूर्ण केली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. अलीकडे तेथील बंद्यांनी घडविलेल्या गणेशमूर्ती विक्रीस येतात आणि लोक त्या कौतुकाने घेतात. आपल्या समाजातील मंडळीही प्रवचन, फळवाटप किंवा आरोग्य शिबिर या निमित्ताने कारागृहांत जात असतात. रक्तदाब मोजला जातो, डोळे तपासले जातात, चष्मे दिले जातात. पुण्याचेच काम आहे. परंतु जगभरातील संशोधकांनी गेल्या काही दशकांत ज्या एका दुखण्याकडे बोट दाखविले आहे, त्याची चौकशी अशा शिबिरांतून सहसा होत नाही. ते दुखणे म्हणजे डोक्याला पूर्वी कधीतरी लागलेला आणि वरून बरा झालेला मार.

माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलो वजनाचा असतो आणि जिवंतपणी तो घट्ट विरजलेल्या दह्याहून फार कठीण नसतो. कवटीच्या आत तो द्रवात तरंगत असतो. दुचाकी घसरली, माणूस गच्चीवरून पडला किंवा डोक्यात काठी बसली, की कवटी एकदम थांबते. आतला मेंदू मात्र पुढे जाऊन आदळतो व मागे फेकला जातो. कवटीच्या तळाचा पुढचा भाग आतून खडबडीत आहे. म्हणून मार कोठूनही बसो, कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू खरचटण्याची शक्यता अधिक असते. डोके जोरात गरकन फिरले तर मेंदूतील बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. असे तुटलेले तंतू साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असे नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे ऐकून घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि तो सोडावाही. रक्तस्राव नाही, प्राणाचा धोका नाही, एवढा त्याचा अर्थ असतो. मेंदू पूर्ववत आहे, असा त्याचा अर्थ नसतो.

कपाळामागच्या भागाचे काम व्यापारी घरांना एका दाखल्याने चटकन कळेल. जुन्या पेढीवर एक वयस्क मुनीम असे. मालक तरुण, उतावळा. समोर सौदा आला की मालकाचा हात लगेच पुढे जाई. मुनीम हळूच म्हणे, ‘शेठजी, उद्या बघू.’ मुनिमाने स्वतः कधी धंदा वाढविला नसेल, पण पेढी बुडू दिली नाही. मेंदूचा पुढचा भाग हा असा मुनीम आहे. राग येतो तो अन्यत्र. तो ओठावर व हातात येण्याआधी थोपविणे, परिणामाचा हिशेब मांडणे, आरंभलेले काम क्रमाने पुरे करणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखणे ही कामे या भागाची. येथे इजा झाली की बोलणे-चालणे शाबूत राहते, हिशेब येतो, माणसे ओळखू येतात. मुनीम मात्र पेढीवरून उठून गेलेला असतो. घरचे म्हणतात, ‘त्या अपघातापासून हा फार चिडका झाला.’ शेजारी म्हणतात, ‘माज आला आहे.’

वैद्यकाच्या इतिहासातील यासंबंधीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू असताना सुरुंग अवेळी उडाला आणि सुमारे साडेतीन फूट लांबीची, सहा किलो वजनाची लोखंडी पहार फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. अपघातापूर्वी तो मालकांच्या मर्जीतला, हिशेबी व दक्ष मुकादम होता. नंतर तो इतका उद्धट व चंचल झाला की त्याच मालकांनी त्याला कामावर परत घेतले नाही, असे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी लिहून ठेवले. या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. पुढे हाच गेज चिली देशात काही वर्षे घोडागाडी चालवीत होता. रोज ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग, ठरलेले काम. शिस्त बाहेरून मिळाली तेव्हा आतली उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली, असे आजचे काही अभ्यासक मानतात. १८६० साली फेफऱ्यांच्या झटक्यांनंतर त्याचा मृत्यू झाला.

गेजने कोणताही गुन्हा केला नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. कारण या विषयात पहिली चूक होते ती येथेच. डोक्याला मार लागलेला प्रत्येक मनुष्य हिंसक होतो, अशी समजूत रुजली तर ज्यांची मुले अपघातातून सावरत आहेत त्या शेकडो कुटुंबांवर अन्याय होईल. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार उद्बोधक आहे. तेथे रुग्णालयांच्या व न्यायालयांच्या नोंदी नागरिकाच्या एकाच क्रमांकाने जोडता येतात. मेंदूला इजा झालेल्या २२,९१४ व्यक्तींचा पस्तीस वर्षांच्या काळातील माग काढला, तेव्हा त्यांपैकी ८.८ टक्के लोकांना पुढे हिंसक गुन्ह्यात शिक्षा झाल्याचे आढळले. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ३ टक्के होते. म्हणजे शंभरातील एक्याण्णव जण कोणाच्या अंगावर हात टाकण्याच्या गुन्ह्यात कधी सापडले नाहीत. तरीही तिपटीचा फरक उरतोच. यावर एक रास्त शंका निघते. जो मुळातच बेदरकार आहे तोच गाडी भरधाव चालवितो, तोच मारामाऱ्या करतो आणि त्याचेच डोके फुटते. मग दोष इजेचा की स्वभावाचा? अभ्यासकांनी त्याच रुग्णांची तुलना त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केली. घर तेच, संस्कार तेच. फरक कमी झाला, पण दुपटीच्या आसपास राहिला. स्वभावाचा वाटा आहे आणि इजेचाही आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

उलट बाजूने, म्हणजे कारागृहातून पाहिले तर चित्र अधिक गडद होते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांची एकत्र छाननी २०१० साली झाली, तेव्हा बंद्यांपैकी सुमारे साठ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी मेंदूला इजा झाल्याचे दिसले. स्कॉटलंडमधील कारागृहांत १०९ महिलांची तपासणी झाली. त्यांतील ७८ टक्के महिलांच्या डोक्याला गंभीर मार लागल्याचा पूर्वेतिहास होता, आणि तो मार बहुतेकींना रस्त्यावर लागलेला नव्हता. घरात बसला होता, वारंवार, वर्षानुवर्षे, नवऱ्याच्या किंवा सोबत्याच्या हातून. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कौटुंबिक मारहाण म्हणजे घराघरातला खासगी प्रश्न, असे समजणाऱ्यांनी ही संख्या थोडा वेळ डोळ्यांपुढे धरावी.

आपल्याकडे काय? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांची मानसिक तपासणी केली आणि तिचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध केला. व्यसने बाजूला ठेवली तरी २७.६ टक्के बंद्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे निदान झाले. आता याच्या शेजारी सरकारी आकडा ठेवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील सुमारे पावणेसहा लाख बंद्यांपैकी मनोरुग्ण म्हणून नोंदलेले सुमारे नऊ हजार, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. एका ठिकाणी तज्ज्ञांनी बसून विचारले तर चौथा हिस्सा. देशभर वहीवरून मोजले तर पन्नासातील एकही पुरता नाही. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या कोणाही वाचकास हा फरक कशाने पडला ते सांगावे लागणार नाही. मोजले गेले तेवढेच वहीत आले. मनोरुग्णांसाठी निदान रकाना तरी आहे. डोक्याच्या जुन्या इजेसाठी त्या राष्ट्रीय अहवालात रकानाच नाही.

इजांचा पुरवठा मात्र अखंड चालू आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. मेलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रात येतो. डोक्याला मार लागून जे वाचले ते कोठे गेले, कामावर परतले काय, घरात कसे वागू लागले, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. नाशिक तर मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे अशा दोन मोठ्या वाहत्या मार्गांच्या सांध्यावर वसलेले शहर. १५ ऑगस्ट २०२१ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम येथे सुरू केली, तेव्हा पंपावर वाद घालणाऱ्यांत चांगल्या घरची शिकलेली मुलेही होती. अंगावर भारी जाकीट, पायात ब्रँडचे बूट आणि हेल्मेट आरशाला अडकविलेले, हे दृश्य आजही कॉलेज रोडवर पाहावयास मिळते.

आता कायद्याकडे वळू. भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमाने, मनोविकल व्यक्तीला एक संरक्षण दिले आहे. कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा बेकायदेशीर आहे, हे जाणण्यास जो असमर्थ होता त्याचा तो अपराध ठरत नाही. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. या कलमाचा सारा रोख जाणण्यावर आहे. कपाळामागे इजा झालेल्या माणसाची अडचण वेगळीच असते. चोरी करणे वाईट, मारणे वाईट, हे त्याला विचारा. तो बरोबर उत्तर देईल. ज्ञान आहे, आवर नाही. आणि ‘मला आवरता आले नाही’ हा बचाव आपला कायदा मानीत नाही. तो मानावा काय, हा अवघड प्रश्न आहे. सरसकट मानला तर प्रत्येक आततायी मनुष्य जुना व्रण दाखवू लागेल. ज्याच्या दुकानाचे शटर रात्री उचकटले गेले, ज्याच्या भावावर वार झाला, त्यानेही न्यायाकडेच पाहायचे असते. त्यामुळे दोष ठरविताना कायदा कठोर राहिला तर त्यात गैर दिसत नाही. परंतु दोष ठरल्यावर शिक्षा किती, ती कोठे भोगावी, जामीन द्यावा काय, परिवीक्षेवर सोडावे काय, या टप्प्यांवर हीच माहिती न्यायाधीशांसमोर नसेल तर तराजूच्या एका पारड्यात वजनच टाकलेले नाही असे होईल.

या दिशेने पाऊल पडले ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. १९९९ साली दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांची हत्या केल्याबद्दल एका इसमास फाशीची शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानेही एकदा कायम केली. गुन्हा इतका अमानुष की त्याच्याविषयी कोणास सहानुभूती वाटू नये. पुढे पुनर्विलोकन अर्जाच्या सुनावणीत कारागृहातील वैद्यकीय कागद न्यायालयासमोर आले. त्याच्या मानसिक आजाराच्या नोंदी अनेक वर्षांच्या होत्या. १२ एप्रिल २०१९ रोजी न्या. रमणा, न्या. शांतनगौडर आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांच्या पीठाने ठरविले की शिक्षेनंतर दिसून आलेला गंभीर मानसिक आजार हादेखील फाशी सौम्य करण्याचे कारण होऊ शकतो. त्या इसमाची सुटका झाली नाही. मरेपर्यंत कारावास, कोणतीही माफी नाही, असा आदेश झाला. त्याच्या उपचारांची जबाबदारी राज्य शासनावर आहे, याचीही आठवण न्यायालयाने दिली. मानसिक आरोग्य अधिनियम २०१७ नुसार रुग्णाची ओळख गुप्त ठेवायची म्हणून निकालपत्रात त्याचे नावही दिलेले नाही. त्याला फक्त ‘एक्स’ म्हटले आहे. त्या निकालात गंभीर आजारांचा जो उल्लेख आहे तो स्किझोफ्रेनिया व तत्सम विकारांचा. मेंदूच्या इजेचे नाव त्यात नाही. तरी दार किलकिले झाले आहे. २०२२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीचा मानसिक अहवाल व त्याच्या पूर्वायुष्याची माहिती सत्र न्यायालयापुढेच आली पाहिजे, असे सांगितले.

फाशीची प्रकरणे मोजकी. ज्यांच्यावर सामान्य चोरी, मारहाण, दारूच्या नशेतील भांडण असे खटले आहेत त्यांची संख्या प्रचंड आणि त्यांच्यासाठी एवढा ऊहापोह कोणी करीत नाही. येथे एक विसंगती व्यापारी मनाला विशेष खटकेल. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हीच मेंदूची इजा पै-पैशाने मोजली जाते. २००७ सालच्या अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली भरपाई वाढवून ६२,२७,००० रुपये केली. तिची बुद्धी तान्ह्या बालकाएवढी उरली होती. आयुष्यभराची काळजी, सेविकांचा खर्च, गेलेले भवितव्य यांचा न्यायालयाने तपशीलवार हिशेब केला. भरपाईच्या दाव्यात डॉक्टरांची साक्ष होते, अपंगत्वाची टक्केवारी ठरते, विमा कंपनी उलटतपासणी घेते. तोच जखमी तरुण चार वर्षांनी फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहिला, तर ती फाइल त्याच आवारातील दुसऱ्या कपाटात असते आणि तिची आठवण कोणी काढीत नाही. भरपाईसाठी इजा खरी, शिक्षेसाठी अस्तित्वातच नाही, अशी दोन खाती एकाच माणसाच्या नावे चालतात.

जैन परंपरेला कर्ता आणि कृत्य यांतील हे अंतर नवे नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या आधी प्रमत्त योगाचा विचार केला आहे. हातून काय घडले याबरोबरच ते कोणत्या मनोवस्थेत घडले, हे तेथे पाहिले जाते. आणि पर्युषणात स्थानकात अंतगड सूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना अर्जुनमाळ्याची कथा आठवेल. राजगृहीचा हा साधा माळी. सहा गुंडांनी त्याला बांधून त्याच्यासमोर त्याच्या पत्नीवर अत्याचार केला. संतापाच्या त्या क्षणी मुद्गरपाणी यक्ष त्याच्या देहात शिरला. त्याने त्या सहा जणांना आणि पत्नीलाही लोखंडी मुद्गराने ठार केले, आणि मग रोज सहा पुरुष व एक स्त्री असा संहार चालू ठेवला. परंपरेच्या हिशेबाने पाच महिने तेरा दिवसांत ११४१ जीव गेले. राजा श्रेणिकाने नगराबाहेर जाण्यास बंदी केली. त्या बंदीतही भगवान महावीरांच्या दर्शनास निघाला तो सुदर्शन शेठ. मुद्गर उगारून आलेल्या अर्जुनासमोर तो ध्यानस्थ उभा राहिला. यक्ष निघून गेला आणि अर्जुन जमिनीवर कोसळला.

या कथेत पुढे जे घडते ते अधिक मोलाचे आहे. यक्ष गेला म्हणून शास्त्राने अर्जुनाचे खाते कोरे केले नाही. दीक्षेनंतर तो राजगृहीत गोचरीस जाई तेव्हा लोक म्हणत, याने माझा बाप मारला, याने माझी बहीण मारली. शिव्या, मार, उपेक्षा. कधी आहार मिळे तर पाणी नाही, कधी पाणी मिळे तर आहार नाही. ते सारे त्याने समभावाने सोसले आणि सहा महिन्यांत तो मुक्त झाला. ज्यांचे आप्त गेले त्यांचा आक्रोश खोटा ठरविलेला नाही आणि अर्जुनापुढचे दारही बंद केलेले नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या मानणे आजच्या न्यायालयांनाही जड जाते. आणि सुदर्शन शेठ? अर्जुन शुद्धीवर आल्यावर, ‘बरे झाले, सुटलो’ म्हणून तो एकटा पुढे गेला नाही. काल मुद्गर घेऊन धावलेल्या त्या माणसाला त्याने आपल्यासोबत भगवंतांकडे नेले.

डोक्याच्या इजेला यक्ष म्हणण्याचा येथे हेतू नाही. तसे म्हणणे उलट घातक होईल. आजही अपघातानंतर वागणे बिघडलेल्या मुलांना डॉक्टरांऐवजी देवऋष्याकडे नेणारी घरे आहेत. पूर्वकर्माचा उदय म्हणून हात जोडून बसणारीही आहेत. कर्मसिद्धांत निमित्त नाकारीत नाही, आणि निमित्तावर उपचार करण्यास मनाईही करीत नाही.

सुदर्शन शेठच्या जागी आज कोण आहे, याचे उत्तर पुष्कळदा बाजारपेठेतच सापडते. दुकानातला माल पोहोचविणारा मुलगा दुचाकीवरून पडतो. आठ दिवसांनी पट्टी बांधून कामावर येतो. मग हळूहळू तक्रारी सुरू होतात. सांगितलेल्या तीन कामांतले एक विसरतो. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतो. दुपारी डोके दुखते म्हणून बसून राहतो. उजेड आणि गोंगाट सहन होत नाही. मालक दोनदा समजावतो, तिसऱ्यांदा काढून टाकतो. पुढे तो मुलगा कोठेतरी मारामारीत सापडला असे कानावर येते आणि मालक म्हणतो, ‘मला वाटलेच होते.’ त्या मुलाचे आईवडील गावी असतात, वकील नवा असतो, पोलीस त्याला प्रथमच पाहत असतात. अपघाताआधी तो कसा होता आणि नंतर कसा झाला, हे ज्याने रोज दहा तास डोळ्यांनी पाहिले असा जाणता साक्षीदार बहुधा तो मालकच असतो. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालासाठी किंवा बचावाच्या वकिलासाठी त्याचे चार शब्द फार कामाचे ठरू शकतात.

ज्यांना विसरण्याचा विकार जडला आहे त्यांची आणखी एक कोंडी होते. जामिनावर सुटलेला आरोपी तारीख विसरतो. न्यायालय अजामीनपात्र वॉरंट काढते, जामीनदारास नोटीस जाते, आणि पुढच्या वेळी ‘हा फरार होणारा आहे’ अशी नोंद आडवी येते. कारागृहात पहारेकऱ्याने एका दमात दिलेल्या चार आज्ञांपैकी तो दोनच पाळतो. ते उर्मटपणात मोजले जाते आणि शिक्षेतील माफीचे दिवस कापले जातात. ज्या देशांत याची जाणीव झाली तेथे उपाय साधे योजले गेले. एका वेळी एकच सूचना द्यावी. ती त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावी. तारीख मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवण्यास द्यावी. गोंगाटापासून दूर काम द्यावे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाने तयार केलेली प्रश्नावली काही मिनिटांत विचारून होते: डोक्याला कधी मार लागला होता काय, किती वेळा, शुद्ध हरपली होती काय, किती वेळ, तेव्हा वय काय होते. यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही.

हा प्रश्न विचारू शकतील अशा संस्था या एका शहरात जितक्या आहेत तितक्या महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच असतील. राज्यभरच्या उपनिरीक्षकांना घडविणारी महाराष्ट्र पोलीस प्रबोधिनी नाशिकमध्ये आहे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे. मध्यवर्ती कारागृह येथे, आणि कोवळ्या वयातील अपराध्यांसाठीचे किशोर सुधारालयही येथेच. प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र नाही. ती ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. प्रबोधिनीच्या अभ्यासक्रमात एक तास आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची कारागृहात एक पाहणी, एवढ्यासाठी फार मोठा निधी लागू नये. समाजातील ज्या मंडळांची आरोग्य शिबिरे कारागृहात होतात त्यांनी पुढच्या वेळी नेत्रतज्ज्ञांबरोबर एखादा मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ नेण्यासही कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

घरांपुरते म्हणायचे तर कागद जपावेत. मोठ्या अपघातानंतर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा अहवाल आणि फिल्म, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात आणि विम्याचे पैसे मिळाले की ती फाइल रद्दीत देऊ नये. स्वभावात पडलेला फरक केव्हापासून दिसू लागला तेही कोणीतरी एका कागदावर लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी तो आपोआप गेला तर आनंदच आहे, न गेल्यास डॉक्टरांना दाखविण्यास उपयोगी पडते. नोकर असो वा नात्यातला कोणी, अटकेची वेळ आलीच तर वैद्यकीय तपासणीच्या वेळी जुन्या इजेचा उल्लेख स्पष्टपणे करावा आणि तो कागदावर आला की नाही ते पाहावे. कोठडीत असलेल्या कोणाही व्यक्तीस, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमान्वये मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा लागतो. त्या वकिलाच्या हाती पहिल्याच भेटीत डिस्चार्ज कार्डाची प्रत द्यावी. मूळ कार्ड हरवले असेल तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागात अर्ज करून पाहावा. अपघाताची पोलिसांत नोंद झाली असेल तर तेथील कागद आणि भरपाईचा दावा केला असेल तर न्यायाधिकरणातील फाइल, या दोन ठिकाणीही शोध घ्यावा.